सेन्सर खरं बोलत होता: गाडी घरी दुरुस्त करणं अवघड का झालं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चेक इंजिनचा दिवा लागला, कोड रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोष दाखवणारं छोटं उपकरण) लावला तर पी०१७१ हा कोड आला. ऑक्सिजन सेन्सर गेला असेल असं कुणीतरी सांगितलं, म्हणून नवा आणून बसवला, कोड पुसला, आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा लागला. वडील त्यांच्या गाडीचं इंजिन स्वतःच्या हातांनी उघडून बसवायचे आणि आपल्याला एका सेन्सरचं काम तडीस नेता येत नाही, हे तुमच्या मनाला लागलंय. गाड्या इतक्या किचकट का झाल्या आणि कंपन्या हे मुद्दाम करतात का, असं तुम्ही विचारलंय.

आधी एक सांगतो. सेन्सर तुम्ही नीटच बसवलात. जुना सेन्सरही बहुधा चांगलाच होता. तो खरं बोलत होता आणि आपण बोलणाऱ्यालाच काढून टाकलं. हे कसं झालं ते कळलं की मोठ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हाती येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी तीसेक वर्षं इंजिनांवर काम करतोय. हात बसला तो हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या कार्बोरेटरवर, आणि आता कामाचा निम्मा वेळ स्कॅनर आणि वायरिंगच्या नकाशांत जातो. दोन्हींकडचं पाहिलेलं सांगतो.

वडिलांच्या काळातल्या इंजिनाला तीन गोष्टी लागायच्या: योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल, सिलिंडरमध्ये पुरेसं कॉम्प्रेशन आणि वेळेवर पडणारी ठिणगी. आजही त्याच लागतात. फरक असा, की तेव्हा या तिन्ही गोष्टींचा कारभार डोळ्यांसमोर चालायचा. कार्बोरेटरमध्ये जेट असायचा, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक असलेला भाग. त्याच्या भोकात कचरा अडकला की गाडी आचके द्यायची. तो काढायचा, फुंकायचा, उजेडाकडे धरून भोक मोकळं झालं का ते पाहायचं. प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं की कॉन्टॅक्ट पॉइंट दिसायचे. त्यांच्यातली फट साधारण ०.४ मिलीमीटर ठेवायची, आणि त्यासाठी फट मोजायच्या फीलर गेजचं एक पातं पुरायचं. पॉइंट काळे पडले की कानशीने घासायचे. इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नाही, तर एकेका प्लगची वायर काढून बघायची. जी काढल्यावर आवाजात काही फरक पडत नाही, तोच सिलिंडर आजारी. बिघाड दिसायचा, ऐकू यायचा, नाहीतर त्याचा वास तरी यायचा. पाने, पकड, स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेज आणि शाबूत कान एवढ्यावर माणूस बरंच काही निभावून न्यायचा.

पण त्या दिवसांबद्दल बोलताना एक गोष्ट हमखास सुटते. ती इंजिनं सतत लक्ष मागायची. पॉइंट दहा-बारा हजार किलोमीटरला झिजायचे. ते झिजले की ठिणगीचं टायमिंग सरकायचं. प्लग पंधरा-वीस हजारांत संपायचे. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवायची फट, पुन्हा पुन्हा सेट करावे लागायचे. थंडीत चोक ओढून गाडीची मनधरणी करावी लागायची. वडिलांचा हात त्या गाडीवर बसला, कारण गाडीने त्यांना दर महिन्याला सराव दिला. आज इरिडियमचे प्लग लाखभर किलोमीटर सहज जातात. पॉइंट हा भागच उरला नाही. बऱ्याच इंजिनांत हायड्रॉलिक लिफ्टर आल्यामुळे टॅपेटची फट स्वतःच जुळते. म्हणजे गाडी बिघडते क्वचित, आणि बिघडते तेव्हा बोनेट उघडणारा माणूस पहिल्यांदाच आत पाहत असतो. दुरुस्ती अवघड वाटण्यात या तुटलेल्या सरावाचा वाटा मोठा आहे, आणि तो ना तुमचा दोष आहे ना कंपनीचा.

आता मूळ कारणाकडे येतो, म्हणजे धुराकडे. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं हे तिन्ही विषारी घटक एकाच वेळी कमी करणारा थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सायलेन्सरच्या वाटेवर बसवला जातो. तो नीट काम करतो, पण एका अटीवर. वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण जवळजवळ तंतोतंत राखावं लागतं. पेट्रोल थोडं जास्त झालं तर एक विष वाढतं, कमी झालं तर दुसरं. जेटमधून, हवेच्या ओढीवर पेट्रोल सोडणाऱ्या साध्या कार्बोरेटरला थंडी-ऊन, चढ-उतार, डोंगरावरची विरळ हवा या सगळ्यांत ही अट पाळणं शक्यच नव्हतं. म्हणून एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला. बॉशने बनवलेला हा लॅम्बडा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांवर पहिल्यांदा आला. तो सांगणार, कॉम्प्युटर ऐकणार आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते सतत दुरुस्त करत राहणार. बोनेटखालची बहुतेक गुंतागुंत या एका अटीपोटी जन्माला आली. हवा किती आत येतेय, ती किती गरम आहे, थ्रॉटल (हवेची झडप) किती उघडा आहे, क्रँक नेमका कुठे फिरतोय, कूलंटचं तापमान काय, हे प्रत्येक मोजायला एकेक सेन्सर लागला.

मी कार्बोरेटर मनापासून शिकलो, तरी या बदलाविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. बंद शेडमध्ये जुनी इंजिनं ट्यून करताना डोळ्यांची होणारी आग आणि संध्याकाळपर्यंत चढणारी डोकेदुखी मला आठवते. हवा स्वच्छ झाली त्याची किंमत म्हणून हा किचकटपणा आला असेल, तर तो योग्य सौदा होता असं मी ठामपणे म्हणेन.

आता तुमच्या कोड रीडरबद्दल. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारला ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवायची ठरावीक यंत्रणा, सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. त्यामुळेच स्टिअरिंगखाली तो सोळा पिनांचा सॉकेट आला. पण हा कायदा दुरुस्ती सोपी करण्यासाठी झालेला नव्हता. गाडी रस्त्यावर असताना तिचा धूर बिघडला तर चालकाला कळावं, हा त्याचा पहिला हेतू. म्हणून ही यंत्रणा ‘धूर मर्यादेत आहे का’ या प्रश्नाचं उत्तर देते. तुमचा-माझा प्रश्न ‘कुठला भाग गेला’ हा असतो. रीडरच्या पडद्यावर आलेलं उत्तर आपण आपल्या प्रश्नाचं समजतो आणि तिथेच फसतो. गेल्या वीस वर्षांत लोकांनी विनाकारण बदललेल्या भागांपैकी निदान निम्मे याच गैरसमजापोटी बदलले गेले असतील, असं माझा अनुभव सांगतो.

पी०१७१ याचा अर्थ एवढाच: मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, ते भरून काढायला कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत गेला आणि वाढवण्याची त्याची मर्यादा संपली. पेट्रोल का कमी पडतंय, हे त्या कोडला माहीत नाही. इनटेकच्या एखाद्या रबरी नळीला चीर पडून न मोजलेली हवा आत येत असेल, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ बसली असेल, पेट्रोल पंप म्हातारा झाला असेल, इंजेक्टर चोंदले असतील, किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला भोक पडून बाहेरची हवा त्याच्यापर्यंत जात असेल. या पाचही ठिकाणांहून तोच कोड येतो. ऑक्सिजन सेन्सर खराब असला तर बहुतेक वेळा वेगळे कोड येतात, त्याच्या हीटरचे किंवा त्याच्या सर्किटचे. आणि दिवा चार दिवसांनीच का लागला? कोड पुसल्यावर कॉम्प्युटरने शिकलेली दुरुस्तीही सहसा पुसली जाते. ती त्याला पुन्हा शिकावी लागली, आणि या प्रकारचा दोष सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय तो दिवा लावत नाही. त्या चार दिवसांत दुरुस्ती झालेली नव्हती. इंजिन फक्त पुन्हा मोजत होतं. शेवटी नेमकं काय तपासायचं ते सांगतो, पण मधला बाकीचा भाग आधी पाहू.

इंजिनानंतर कॉम्प्युटर दारांत गेला, खिडक्यांत गेला, दिव्यांत गेला. पूर्वी खिडकीच्या बटणातून करंट थेट मोटरला जायचा. खिडकी हलेना तर टेस्ट लॅम्प घ्यायचा, बॅटरीपासून निघायचं आणि करंट जिथे थांबला तिथे दोष. आता बटण दाबलं की ते फक्त निरोप पाठवतं. दोन पिळलेल्या तारांवरून तो निरोप दाराच्या मॉड्यूलपर्यंत, म्हणजे तिथल्या छोट्या कॉम्प्युटरपर्यंत, जातो आणि मॉड्यूल मोटर फिरवतं. कॅन नावाची ही निरोपांची पद्धत बॉशने १९८६ मध्ये जाहीर केली आणि १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लासपासून ती रस्त्यावर आली. तिच्यामुळे तारांचं जाडजूड जंजाळ कमी झालं, हे खरं. पण टेस्ट लॅम्पला निरोप दिसत नाही. अडीच व्होल्ट आणि साडेतीन व्होल्ट यांच्यात सेकंदाला लाखो वेळा नाचणारी ती रेषा पाहायला व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो, आणि जुना टेस्ट लॅम्प चुकीच्या तारेला लावला तर मॉड्यूल कायमचं जाऊ शकतं.

एक उदाहरण देतो, कारण यात आजच्या बिघाडाचा सगळा स्वभाव आहे. एका गाडीची बॅटरी दर दोन रात्रींत बसायची. मालकाने बॅटरी बदलली, मग अल्टरनेटर बदलला, मग ती माझ्याकडे आली. गाडी बंद करून, दारं लावून अर्धा तास थांबलो. चांगली गाडी तेवढ्यात झोपते आणि तिचा करंट पन्नास मिलीअँपिअरच्या खाली जातो. ही झोपतच नव्हती. अशा वेळी एकेक फ्यूज उपटून बघायची जुनी रीत उलट फसवते, कारण फ्यूज काढून घातला की ते मॉड्यूल नव्याने जागं होतं. म्हणून फ्यूज जागेवरच ठेवून प्रत्येकाच्या दोन टोकांमधला सूक्ष्म व्होल्टेज मोजत गेलो. दोष निघाला मागच्या डाव्या दाराच्या लॉकमधल्या एका छोट्या स्विचमध्ये. दार लागलेलं असतानाही तो ‘दार उघडं आहे’ असं सांगत होता आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून बाकीची मॉड्यूलं रात्रभर जागत होती. बॅटरीचा आजार आणि दाराचा स्विच. जुन्या गाडीत या दोघांचा फार तर आतल्या एका दिव्यापुरता संबंध, आणि तो पेटलेला दिसला असता. आज एक भाग खोटं बोलला की लक्षण कुठे दिसेल याचा नेम नाही. माझ्या मते अवघडपणाचं खरं केंद्र इथे आहे. नट-बोल्ट खोलण्याचं काम आजही तेच आहे, पण काय खोलायचं हे ठरवण्याचं काम कितीतरी पटीने वाढलं.

जागेची अडचण याहून सोपी आहे, पण माणसाला जास्त संताप तिचाच येतो. हेडलाइटचा बल्ब बदलायला काही गाड्यांत बंपर उतरवावा लागतो, काहींत चाकाच्या कमानीचं अस्तर काढून मागून हात घालावा लागतो. यामागे इंजिन आडवं बसवणं आहे, टर्बो आहे, पुढून धडक बसली तर चुरगळून प्रवाशांना वाचवणारा पट्टा आहे, पादचाऱ्याच्या डोक्यासाठी बोनेटखाली ठेवलेली मोकळी जागा आहे. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी रास्त. शिवाय कारखान्यात गाडी ज्या क्रमाने जुळते, तो क्रम घरी उलटा करता येत नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचा सबफ्रेम एकत्र जोडून खालून वर चढवतात. डॅशबोर्ड अख्खा तयार होऊन दारातून आत जातो. तिथे जे काम काही सेकंदांचं, ते नंतर करायला अर्धा दिवस जातो. गाडीचं चित्र आखताना त्या टेबलावर अपघातवाला असतो, धूरवाला असतो, खर्चवाला असतो, कारखान्यावाला असतो. पंधरा वर्षांनी ती खोलणाऱ्याची बाजू मांडायला तिथे बहुधा कुणी नसतं. याला मी कट म्हणणार नाही. पण ही बेपर्वाई आहे, आणि ती टाळता येते. ज्या गाडीत बल्बच्या मागे हाताला सापडेल असं गोल झाकण ठेवलेलं असतं, तिथे कुणीतरी हा विचार केलेला असतो.

बोल्टसुद्धा बदलले. सिलिंडर हेडचे बरेच बोल्ट आता ठरावीक टॉर्कपर्यंत (मोजलेल्या जोरापर्यंत) आवळून मग ९० अंश, पुन्हा ९० अंश असे कोनाने फिरवायचे असतात. ते ताणले जातात आणि पुन्हा वापरायचे नसतात. ‘हाताला घट्ट लागला’ हा जुना अंदाज अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये आटे काढतो. ऑइलचंही तसंच. पूर्वी जाड-पातळ एवढं कळलं की पुरायचं. आता डिझेलच्या धुराच्या फिल्टरला चालणारं, कमी राख सोडणारं ऑइल वेगळं असतं. बाटलीवर ५ डब्ल्यू-३० हा जाडी सांगणारा आकडा एकच लिहिलेला असतो, आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. चुकीचं घातलं तर तो महाग फिल्टर राखेने कायमचा भरतो. मालकाच्या पुस्तिकेतला, कुठल्या दर्जाचं ऑइल घालायचं ते सांगणारा तो एक परिच्छेद वाचा. त्या पुस्तिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही पानापेक्षा तो जास्त पैसे वाचवतो.

आता काही ठिकाणी मी तुम्हाला स्पष्ट ‘हात लावू नका’ असंच सांगणार आहे. साध्या पेट्रोल इंजेक्शनमध्ये दाब तीन-चार बार असतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये तो २०० ते ३५० बारपर्यंत जातो आणि कॉमन रेल डिझेलमध्ये २,००० बारच्या आसपास. एवढ्या दाबाची सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. बाहेर दिसतो बारीक ठिपका आणि आत डिझेल बोटभर पसरलेलं असतं. अशा माणसाला मलमपट्टी नाही, ताबडतोब शस्त्रक्रिया लागते. चालू इंजिनावर या नळीचा नट सैल करून कुठला सिलिंडर मिस करतोय ते पाहायची जुन्या डिझेलची सवय जिवावर बेतू शकते. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांतल्या नारिंगी केबलमध्ये ४०० व्होल्ट, काहींत ८०० व्होल्ट असतात. हा पुरवठा तोडणारा सर्व्हिस प्लग काढून, कपॅसिटर रिकामे व्हायची वाट पाहून, मीटरने शून्य मोजल्याशिवाय प्रशिक्षित माणूसही तिथे हात घालत नाही. एअरबॅगमध्ये स्फोटक असतं. त्याचा पिवळा कनेक्टर कुतूहल म्हणून काढून पाहायचा नसतो. आणि मागची चाकं इलेक्ट्रिक हँडब्रेकची असतील, तर आधी स्कॅनरने किंवा पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये नेल्याशिवाय पॅडला हात लावू नका. पिस्टन जबरदस्तीने दाबला तर आतली यंत्रणा मोडते, आणि बोटं आत असताना मोटर फिरली तर बोटं जातात.

एक दोष असा की त्यात इजा आपल्याला होत नाही, पुढच्याला होते. पुढच्या काचेमागचा कॅमेरा लेन ओळखतो, काहींत आपोआप ब्रेकही मारतो. काच बदलली आणि कॅमेरा एका अंशाने जरी वळला, तरी शंभर मीटरवर त्याची नजर पावणेदोन मीटर बाजूला पडते, म्हणजे जवळजवळ गाडीच्या रुंदीएवढी. म्हणून काच बदलल्यावर कॅलिब्रेशन लागतं. त्याचे पैसे सांगितले की लोक रागावतात, पण हा खर्च मी कधीच टाळू देत नाही.

तर मुद्दाम करतात का? इतका वेळ जे सांगितलं त्यातलं जवळजवळ काहीच मुद्दाम नाही. पण मुद्दाम केलेलंही आहे, आणि त्याबद्दल रागावणं बरोबर आहे. फक्त राग नेमक्या जागी हवा, म्हणून कुलपांचे प्रकार वेगळे करू. इमोबिलायझर हे कुलूप आहे, आणि ते चोराविरुद्ध आहे. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. नवी किल्ली घरच्या घरी जुळवता येत नाही, हा त्याचा त्रास मी मान्य करतो. डिझेल इंजेक्टर बदलल्यावर त्याच्यावर छापलेला कोड कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो, तेही प्रामाणिक आहे. कितीही काटेकोर बनवले तरी दोन इंजेक्टर सारखं डिझेल सोडत नाहीत, आणि त्या कोडमध्ये त्या इंजेक्टरचा स्वभाव लिहिलेला असतो. काही गाड्यांत नवी बॅटरी लावल्यावर तशी नोंद करावी लागते, कारण जुन्या बॅटरीला जितकं चार्जिंग द्यायचं तितकं नवीला द्यायचं नसतं. यामागचं तत्त्व बरोबर आहे. पण ही नोंद डॅशबोर्डच्या मेनूतून मालकाला करता आली असती. तिला खास उपकरण लागावं, इथे मला कारण दिसत नाही.

आणि मग येतात निव्वळ कुलपं. दुसऱ्या गाडीतून काढलेला, अगदी तोच, चांगला हेडलाइट किंवा रेडिओ किंवा मॉड्यूल लावलं, तर गाडी त्याला ओळखायला नकार देते; कंपनीच्या सर्व्हरशी बोलून परवानगी मिळाल्याशिवाय ते चालतच नाही. चोरीचे भाग विकले जाऊ नयेत म्हणून हे केलं, असं सांगतात. त्यात थोडं तथ्य आहे. पण वैध मालकाने वैध जुना भाग लावल्यावर त्याची नोंद करून द्यायची सोपी वाट नसेल, तर त्या कुलपाचा पहिला फटका मालकालाच बसतो, आणि चांगले भाग भंगारात जातात ते वेगळंच.

सुरक्षेचा प्रश्न मात्र खोटा नाही. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी धावत्या जीप चेरोकीवर इंटरनेटवरून दुरून ताबा मिळवून दाखवला, आणि त्यानंतर सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर बऱ्याच गाड्यांत सॉकेट आणि आतलं नेटवर्क यांच्यामध्ये एक पहारेकरी मॉड्यूल आलं. कोड वाचता येतात, पण पुसायला किंवा काही भाग चाचणीसाठी चालवून पाहायला आधी नोंदणी करून लॉगिन लागतं. पहारा हवाच. किल्ली कुणाकडे, हा वादाचा मुद्दा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा झाला, त्यातून २०१४ मध्ये अमेरिकाभर लागू होणारा करार आला आणि स्वतंत्र गॅरेजना कंपनीच्या डीलरइतकीच माहिती विकत घेता येऊ लागली. मग गाडी ती माहिती बिनतारी थेट कंपनीला पाठवू लागली, सॉकेटला वळसा पडला, आणि २०२० मध्ये तिथल्या मतदारांना पुन्हा मतदान करून हा हक्क त्या माहितीपर्यंत न्यावा लागला. युरोपातही २००७ च्या नियमाने कंपन्यांवर दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांना देण्याची जबाबदारी टाकली. यावरून मला एवढं दिसतं, की जिथे मालकांनी आणि कारागिरांनी आग्रह धरला तिथे दार उघडलं, आणि दर काही वर्षांनी ते पुन्हा ढकलावं लागलं.

एक गोष्ट मात्र तुमच्या वडिलांकडे नव्हती आणि तुमच्याकडे आहे. तुमच्या हातातला तो लहानसा रीडर कोड दाखवतोच, पण ‘लाइव्ह डेटा’ही दाखवतो. इंजिन आत्ता, या क्षणी काय मोजतंय आणि त्यावर काय करतंय, ते आकडे. आमच्या पिढीने हे कानाने ओळखायला दहा वर्षं घालवली. आता तुमच्या पी०१७१ साठी त्याचा उपयोग करू.

रीडरमध्ये फ्यूएल ट्रिम नावाचे दोन आकडे शोधा, एक शॉर्ट टर्म, एक लाँग टर्म. कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, ते हे आकडे सांगतात. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. आयडलिंगला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, दोन्हींची बेरीज लिहून घ्या. मग कुणालातरी अॅक्सिलरेटर धरायला सांगून २,५०० आरपीएमवर अर्धा मिनिट ठेवा आणि पुन्हा लिहा. निरोगी इंजिनात ही बेरीज उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांच्या आत फिरते. तुमच्या इंजिनात हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर आहे असं धरून पुढचं सांगतो. आयडलिंगला अधिक वीस-पंचवीस आणि आरपीएम वाढवल्यावर पाच-सातवर उतरली, तर बाहेरची हवा कुठूनतरी चोरून आत येतेय. कारण साधं आहे: चिरेतून येणारी हवा जवळजवळ तेवढीच राहते, इंजिन मात्र वेगात कितीतरी जास्त हवा घेतं, त्यामुळे चोरीचा वाटा लहान होतो. उलट आयडलिंगला बेरीज बरी आणि चढावर, जोर लावताना वाढत असेल, तर एअरफ्लो सेन्सरवरची धूळ किंवा पेट्रोलचा कमी पडणारा पुरवठा यांच्याकडे वळा.

पहिला प्रकार निघाला, आणि जुन्या होत चाललेल्या गाडीत तो निघण्याची शक्यता जास्त, तर इंजिन थंड आणि बंद असताना एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा घडीदार रबरी पाइप हाताने वाकवून प्रत्येक घडीच्या आत पाहा. चीर घडीच्या तळाशी, खालच्या बाजूला असते आणि पाइप वाकवल्याशिवाय तोंड उघडत नाही. मग क्रँककेसच्या वाफा इनटेकमध्ये नेणारी नळी आणि ब्रेक बूस्टरची नळी, विशेषतः टोकांशी, जिथे रबर कडक होऊन फाटतं. काहीच सापडलं नाही तर इंजिन चालू करून रबरी नळीचा एक तुकडा कानाला लावा आणि दुसरं टोक इनटेकच्या सांध्यांवरून हळू फिरवा. पंखा आणि बेल्टपासून हात, बाही आणि नळी दूर ठेवा. गळतीपाशी बारीक फुसफूस स्पष्ट ऐकू येते. गरम इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधायची युक्ती कुणी सांगेल. ती करू नका, मी त्यातून लागलेली आग विझवली आहे. गळती याने नाहीच सापडली तर इनटेकमध्ये धूर सोडून तपासून देणाऱ्याकडे गाडी न्या आणि लिहून ठेवलेले दोन्ही वेळचे आकडे त्याच्या हातात द्या. दुसरा प्रकार निघाला, तर एअरफ्लो सेन्सर काढून फक्त त्याच्यासाठी मिळणाऱ्या क्लीनरने धुवा. आतल्या तारेला बोट, कापूस, ब्रश काहीही लावू नका, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा.

जुना ऑक्सिजन सेन्सर फेकला नसेल तर जपून ठेवा. त्याचा धागा आणि टोक शाबूत असेल, तर पुढे कधी खरंच गरज पडली की तो कामाला येईल.